पहिला फिल्म कॅमेरा घेताना

आजचं बोलणं आहे फोटोग्राफीच्या अभ्यासक्रमाला नाव घातलेल्या मुलींसाठी आणि त्यांच्या आयांसाठीही. कॅमेरा वापरणार मुलगी, पण त्याचे पैसे पुष्कळदा आईच्या भिशीतून नाहीतर बचत गटाच्या रकमेतून निघतात. तेव्हा दोघींनी मिळून ऐकलंत तर बरं.

अनेक ठिकाणी शिक्षक सांगतात, "पहिलं वर्ष फिल्मवर काम करा." घरी आल्यावर प्रश्न पडतो, हातात फोन असताना हे जुनं यंत्र कशाला? याचं उत्तर सरळ आहे. फोन सगळं स्वतःच ठरवतो. उजेड किती घ्यायचा, किती वेळ घ्यायचा, कुठलं धारदार ठेवायचं, हे आपल्याला कळायच्या आत त्यानं उरकलेलं असतं. फोटो चांगला आला तर का आला आणि बिघडला तर का बिघडला, हे आपण सांगू शकत नाही. साध्या फिल्म कॅमेऱ्यात हे सगळं आपल्यालाच ठरवावं लागतं. रोलवर ३६ फोटो निघतात, मागे पडदा नसतो, लगेच बघता येत नाही. त्यामुळे बटण दाबायच्या आधी विचार करायची सवय लागते. ही सवय पुढे कुठल्याही कॅमेऱ्यावर उपयोगी पडते.

आता दुसरी बाजू. हे कॅमेरे बहुतेक सगळे जुने, वापरलेले मिळतात. काही ३० वर्षांचे, काही ५० वर्षांचे. घरातून अशा खरेदीला एकदाच 'हो' मिळतं. तीन महिन्यांत कॅमेरा बंद पडला तर "तरी सांगत होतो" हे वाक्य तयारच असतं. मग बोलणं कॅमेऱ्यापुरतं राहत नाही, मुलीच्या शिकण्यावरच घसरतं. म्हणून ही खरेदी डोळसपणे करायची. मनात तीन कसोट्या पक्क्या ठेवा. एक, कॅमेऱ्यात सगळे निर्णय आपल्याला घेता यावेत. दोन, तो दुरुस्त करणारा माणूस आपल्या आवाक्यात असावा. तीन, कॅमेरा घेतल्यावर रोलसाठी पैसे उरावेत. नाव आणि रूप यांचा विचार त्यानंतर.

कॅमेऱ्यात ठरवायचं काय असतं

नळाखाली बादली लावली आहे असं समजा. बादली बरोबर भरली पाहिजे, सांडता कामा नये आणि अर्धीही राहता कामा नये. नळ किती सोडायचा हा पहिला निर्णय. किती वेळ सोडायचा हा दुसरा. बादली केवढी आहे हे तर आधीच ठरलेलं असतं.

कॅमेऱ्यात नळाच्या जागी अ‍ॅपर्चर असतं, म्हणजे लेन्समधलं लहानमोठं होणारं छिद्र. लेन्सच्या कड्यावर २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६ असे आकडे दिसतात. आकडा मोठा तितकं छिद्र लहान, एवढं उलटं गणित लक्षात ठेवा. एक घर पुढे सरकलं की उजेड निम्मा होतो. वेळ ठरवतो तो शटर, म्हणजे फिल्मच्या पुढे असलेला पडदा. त्याच्या चकतीवर ६०, १२५, २५०, ५०० असे आकडे असतात. २५० म्हणजे एका सेकंदाचा २५०वा भाग. इथेही एक घर पुढे गेलं की उजेड निम्मा. आणि बादली म्हणजे फिल्मचा वेग, त्याला आयएसओ म्हणतात. जुन्या कॅमेऱ्यांवर एएसए लिहिलेलं असतं, आकडा तोच. ४०० ची फिल्म म्हणजे छोटी बादली, ती थोड्या उजेडात भरते. १०० ची फिल्म म्हणजे मोठी बादली, तिला उजेड जास्त लागतो.

या निर्णयांचा फोटोवर वेगवेगळा परिणाम होतो. छिद्र मोठं ठेवलं तर चेहरा धारदार येतो आणि मागची भिंत पुसट होते. लहान ठेवलं तर जवळच्या तुळशीपासून लांबच्या डोंगरापर्यंत सगळं स्पष्ट येतं. शटर वेगात ठेवला तर उडी मारणारं पोर हवेत थांबतं. हळू ठेवला तर वाहत्या पाण्याची रेघ होते. हे प्रत्यक्ष करून बघणं हाच पहिल्या वर्षाचा अभ्यास असतो. मग ज्या कॅमेऱ्यात छिद्र आणि शटर आपल्या हातानं बदलता येत नाहीत, तो कितीही छान दिसला तरी विद्यार्थिनीच्या कामाचा नाही.

तीन जातीचे कॅमेरे

दुकानात आपल्यासमोर साधारण तीन प्रकार येतील.

पहिला प्रकार लग्नकार्यात, सहलीत सगळ्यांनी पाहिलेला. रोल घाला, बटण दाबा, फ्लॅश आपोआप पडतो. वापरायला सोपा आणि खिशात मावणारा. पण तो फोनसारखाच, सगळं स्वतः ठरवतो. शिवाय आतली इलेक्ट्रॉनिक पाटी गेली की बहुतेक वेळा दुरुस्ती होत नाही.

दुसरा प्रकार म्हणजे इलेक्ट्रॉनिक एसएलआर. एसएलआरमध्ये आत एक आरसा असतो, त्यामुळे लेन्समधून जे दिसतं तेच आपल्याला डोळा लावून बघता येतं. कॅननचा एई-१ हा १९७६ साली आलेला कॅमेरा आणि मिनोल्टाचा एक्स-७०० हा १९८१ सालचा, हे या जातीतले नावाजलेले. चांगले कॅमेरे आहेत, फोटो उत्तम काढतात. पण त्यांचा शटर सेलवर चालतो. सेल संपला की कॅमेरा थांबला. एई-१ ला ६ व्होल्टचा एक खास सेल लागतो, तो प्रत्येक गावात मिळेलच असं नाही. शिवाय या कॅमेऱ्याचा आरसा उठताना आत कधी कधी कुईकुई आवाज येतो. तो वंगण सुकल्याचा आवाज असतो, सर्व्हिसिंगचा खर्च लांब नाही असं समजायचं.

तिसरा प्रकार यांत्रिक एसएलआर. यात शटर स्प्रिंगा आणि दातेरी चाकांवर चालतो, जुन्या किल्लीच्या घड्याळासारखा. सेल लागतो तो फक्त उजेड मोजणाऱ्या मीटरला. सेल गेला तरी फोटो काढता येतो. पहिल्या कॅमेऱ्यासाठी माझं मत या जातीला आहे. यात सगळे निर्णय आपल्या हातात येतात, आणि जुन्या पद्धतीनं काम शिकलेला कारागीर तो उघडून नीट करू शकतो.

या जातीतली काही नावं सांगते, लिहून घ्या. पेंटॅक्स के-१०००. हा १९७६ पासून १९९७ पर्यंत बनत होता आणि जगभर विद्यार्थ्यांचा कॅमेरा म्हणूनच ओळखला गेला. शटर एक सेकंदापासून एक हजारांश सेकंदापर्यंत, आत एक काटा, काटा मधोमध आला की उजेड बरोबर. बस, एवढंच. त्याचं मीटर बंद करायला बटण नाही, म्हणून काम झालं की लेन्सला झाकण लावायचं, नाहीतर सेल लवकर उतरतो. निकॉन एफएम-१० हा १९९५ साली आला. तो निकॉनसाठी कोसिना या कंपनीनं बनवला. अंग हलकं, प्लास्टिक जास्त, पण शिकायला सगळं आहे आणि तुलनेनं नवा असल्यानं चांगल्या अवस्थेत सापडू शकतो. निकॉन एफएम-२ हा १९८२ सालचा, फार मजबूत, पण त्याच्या नावाला किंमत पडते. पहिल्या वर्षी तेवढे पैसे घालायची गरज नाही. याशिका एफएक्स-३ हाही चांगला पर्याय. त्याच्या अंगावरचं काळं आवरण सोलून निघतं, बघायला वाईट दिसतं, पण कामात काही फरक पडत नाही. उलट त्यामुळे भाव खाली आणता येतो.

ऑलिम्पस ओएम-१ लहान, देखणा आणि यांत्रिक आहे, पण त्यात एक मेख आहे. तो १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर चालण्यासाठी बनवला होता. पारा विषारी, म्हणून ते सेल आता बनत नाहीत. त्याजागी आजचा १.५ व्होल्टचा सेल घातला तर मीटर चुकीचं दाखवू शकतं. तशीच गोष्ट १९६० आणि ७० च्या दशकांतल्या अनेक कॅमेऱ्यांची. म्हणून दुकानात पहिला प्रश्न हा विचारा, "याला सेल कुठला लागतो?" एलआर-४४ असं उत्तर आलं तर निश्चिंत राहा. तो बटणासारखा चपटा सेल घड्याळवाल्याकडेही मिळतो. के-१०००, एफएम-१०, एफएम-२ आणि एफएक्स-३ या सगळ्यांना तोच चालतो.

"नवा कोरा फिल्म कॅमेरा मिळत नाही का?" असंही विचारलं जातं. मिळतो. २०२४ साली पेंटॅक्सनं '१७' नावाचा नवा कॅमेरा काढला. तो अर्ध्या चौकटीचा आहे, ३६ च्या रोलवर ७२ फोटो निघतात. हौसेला छान, पण त्यात शटर आणि छिद्र दोन्ही आपल्याला हवं तसं लावता येत नाही. म्हणून आपल्या पहिल्याच कसोटीला तो उतरत नाही.

आणि हो, दुकानात जायच्या आधी घरातलं कपाट उघडा. मामांकडे, आत्यांकडे विचारा. आपल्याकडे कित्येक घरांत अग्फा क्लिक थ्री नाहीतर एखादा याशिका अजून कापडात गुंडाळून ठेवलेला असतो. क्लिक थ्रीत ठरवण्यासारखं फारसं काही नसतं आणि रोलही १२० चा, म्हणजे रुंद लागतो, तेव्हा तो आठवण म्हणून जपा. पण गुंडाळ्यातून ३५ मिलिमीटरचा यांत्रिक एसएलआर निघाला, तर नव्या खरेदीचे पैसे वाचले. सर्व्हिसिंगला टाका आणि कामाला लागा. कॉलेजच्या विभागाकडेही विचारा. कुठे कुठे विद्यार्थ्यांना कॅमेरा वापरायला देतात. एक सत्र त्यावर काढलं तर आपल्याला काय हवं हेही नीट कळतं.

लेन्स एकच, ५० ची

कॅमेऱ्याबरोबर ५० मिलिमीटरची लेन्स घ्या, छिद्राचा आकडा १.८ किंवा २ असलेली. त्या काळी बहुतेक कॅमेरे याच लेन्ससह विकले जात, म्हणून ती सहज आणि स्वस्त मिळते. तिच्यातून जग साधारण डोळ्याला दिसतं तसंच दिसतं. संध्याकाळच्या उजेडात, घरात, ओसरीवर फोटो काढता येतात, कारण छिद्र मोठं उघडतं. दुकानदार मोठी झूम लेन्स पुढे करेल. जुन्या स्वस्त झूममधून उजेड कमी येतो, लेन्स जड असते, आणि जागेवर उभं राहून फोटो ओढायची सवय लागते. ५० च्या लेन्सनं चालावं लागतं, जवळ जावं लागतं, समोरच्या माणसाशी दोन शब्द बोलावे लागतात. पहिल्या वर्षाला हेच हवं.

एक सावधगिरी. प्रत्येक कंपनीच्या लेन्सची खाच वेगळी असते. पेंटॅक्सची लेन्स निकॉनला बसत नाही. वर्गातल्या दोघीतिघींनी एकाच कंपनीचे कॅमेरे घेतले, तर पुढे एकमेकींच्या लेन्स वापरता येतील.

दुकानात काय बघायचं

मुंबईत फोर्टमध्ये बोरा बाजार आणि आसपासचा भाग कॅमेऱ्यांच्या दुकानांसाठी आणि कारागिरांसाठी जुना ठाऊक आहे. इतर गावांत जुन्या फोटो स्टुडिओवाल्यांना विचारा, त्यांना माहिती असते. एकटीनं जाऊ नका, मैत्रीण किंवा आई बरोबर असू द्या. भीती म्हणून नव्हे, दोन जणी असल्या की घाई कोणी करू शकत नाही. जाताना पर्समध्ये तीन वस्तू ठेवा. दोन नवे एलआर-४४ सेल, एक छोटी टॉर्च आणि फोनमध्ये उजेड मोजायचं मोफत अ‍ॅप.

कॅमेरा हातात आला की आधी बघा आत रोल आहे का. डाव्या बाजूची फिरकी हलकेच फिरवा. अडली तर आत रोल असू शकतो, झाकण उघडू नका. मोकळी फिरली तर "काका, मागचं झाकण उघडून बघू का?" असं विचारा. चांगला दुकानदार स्वतः उघडून देतो. नाही म्हणाला तर नमस्कार करून पुढच्या दुकानात जा.

झाकण उघडल्यावर शटर बघा. पडद्याला बोट लावायचं नाही. पडद्यावर सुरकुती, भोक, डाग नको. लिव्हर ओढा आणि एक सेकंदावर शटर सोडा. मनात 'एक हजार एक' म्हणा, तेवढ्यात बंद झाला पाहिजे. मग अर्धा सेकंद, पाव सेकंद, असं खाली खाली जा. प्रत्येक वेळी आवाज आधीपेक्षा आखूड झाला पाहिजे. जुन्या कॅमेऱ्यांत आतलं वंगण घट्ट होतं आणि बहुधा हे हळू वेगच आधी बिघडतात. शटर मध्येच अडकला, रेंगाळला, तर तो कॅमेरा दुरुस्तीचाच समजा. शेवटी लेन्स काढून, कॅमेरा खिडकीकडे धरून, मागून बघत सर्वांत जलद वेगावर शटर सोडा. क्षणभर पूर्ण चौकोन उजळलेला दिसला पाहिजे. एका कडेला काळी पट्टी दिसली तर पडदे एकमेकांशी जुळून चालत नाहीत.

झाकणाच्या खाचेत काळा फोम असतो, उजेड आत जाऊ नये म्हणून. बोट लावून बघा. तो काकवीसारखा चिकट झाला असेल तर बदलावा लागेल. हे काम मोठं नाही, घाबरू नका, पण भाव करताना जरूर सांगा.

तळाशी सेलचं झाकण नाण्यानं उघडा. आत हिरवी-पांढरी भुकटी म्हणजे जुना सेल फुटून गळला आहे. थोडी असेल तर साफ होते, पण गळती तारांपर्यंत पोचली असेल तर मीटर मेलेलं असतं. म्हणून आपले नवे सेल घाला आणि कॅमेरा आधी खिडकीकडे, मग कोपऱ्यातल्या अंधाराकडे धरा. काटा किंवा दिवा बदलला पाहिजे. मग फोनवरच्या अ‍ॅपशी ताडून बघा. एक घर इकडेतिकडे चालेल, फक्त प्रत्येक वेळी तेवढंच आणि त्याच बाजूला हवं. तेवढा फरक आयएसओच्या चकतीवर भरून काढता येतो.

आता लेन्स. आपल्या हवेत सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे बुरशी. कोकणातली, मुंबईची, गोव्याची पावसाळी हवा लागलेल्या, चामड्याच्या डब्यात वर्षानुवर्षं बंद राहिलेल्या लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या, मुळांसारख्या बारीक रेषा पसरतात. समोरून बघून त्या कळत नाहीत. लेन्स काढा, छिद्र पूर्ण उघडा, एका बाजूनं तिरकी टॉर्च मारा आणि दुसऱ्या बाजूनं बघा. धुळीचे चारदोन कण असले तर काही बिघडत नाही. जाळं दिसलं तर ती लेन्स नको, ५० ची दुसरी मिळेल. मग छिद्राचं कडं फिरवा. आतली पाती झटकन उघडमीट झाली पाहिजेत आणि कोरडी दिसली पाहिजेत. तेलकट पाती अडखळतात. फोकसचं कडं सुरळीत फिरावं, खरखर नको. डोळा लावून लांबची इमारत बघा. फोकस पूर्ण टोकाला नेला की ती धारदार दिसली पाहिजे. बघायच्या खिडकीत धूळ दिसली तर ती फोटोत येत नाही.

सगळं पसंत पडलं तरी एक बोली करून घ्या. "एक रोल काढून धुऊन बघते, काही निघालं तर परत घ्याल ना?" दिवस ठरवा आणि ते बिलावर लिहून घ्या. घरबसल्या फोनवरून मागवणार असाल तर 'जसा आहे तसा' हे शब्द दिसले की थांबा. विकणाऱ्यानं कॅमेरा तपासलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ.

हिशेब रोलचा

खरा खर्च कॅमेऱ्याचा नसतो, रोलचा असतो. एकेकाळी उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सची 'इंदू' नावाची आपली देशी फिल्म मिळायची. तो कारखाना बंद झाला. आता रोल बाहेरून येतो, म्हणून महाग पडतो. भाव दुकानागणिक बदलतात, म्हणून मी फक्त हिशेबाची रीत सांगते. आकडे तुमच्या गावचे घाला.

समजा, रोल १,००० रुपयांचा आणि धुऊन स्कॅन करायचे ४४० रुपये. झाले १,४४०. भागिले ३६, म्हणजे एक फोटो ४० रुपयांना पडला. आता समजा भिशीचे २०,००० रुपये हातात आहेत. आधी चार रोलचे ५,७६० बाजूला काढा. उरले १४,२४०. त्यात कॅमेरा लेन्ससह १२,५०० पर्यंतच बघायचा. बाकीचे १,७४० फोम, सेल आणि किरकोळ सर्व्हिसिंगला. अठरा हजारांचा सुंदर कॅमेरा घेऊन एका रोलवर वर्ष काढणारी मुलगी शिकत नाही. साधा कॅमेरा घेऊन महिन्याला एक रोल संपवणारी शिकते. दुकानात मन डळमळलं की हा हिशेब आठवा.

रोल घेण्याआधी शिक्षकांना विचारा, काम कृष्णधवल आहे की रंगीत? कृष्णधवल फिल्म कॉलेजच्या डार्करूममध्ये, पुढे घरीही धुता येते. त्याला साधारण २० अंशांचं पाणी लागतं. आपल्याकडे उन्हाळ्यात नळाचं पाणी बरंच गरम असतं, म्हणून भांड्याभोवती बर्फ ठेवून ते थंड करावं लागतं. पण चार मैत्रिणींनी मिळून रसायनं आणली तर रोलमागचा खर्च बराच उतरतो. रंगीत फिल्मला ३८ अंशांच्या आसपास अगदी काटेकोर तापमान लागतं, म्हणून ती सुरुवातीला लॅबमध्येच द्या.

पहिला रोल

पहिला रोल कोरा येण्याचं एक नेहमीचं कारण म्हणजे फिल्मचं टोक फिरकीत नीट अडकलेलं नसतं. रोल आतल्या आत तसाच राहतो आणि आपण ३६ वेळा बटण दाबतो. म्हणून रोल भरल्यावर लिव्हर ओढताना डाव्या बाजूची फिरकी बघा. ती फिरत असेल तर फिल्म पुढे सरकते आहे. रोल भरणं सावलीत करा. फिल्मवर जो आयएसओ लिहिला आहे तोच आकडा चकतीवर लावा. रोल संपल्यावर तळाचं बटण दाबून फिल्म पूर्ण गुंडाळून घ्या, मगच झाकण उघडा.

मीटरवर भरवसा बसेपर्यंत एक जुनी रीत उपयोगी पडते. स्वच्छ उन्हात छिद्र १६ वर ठेवा आणि शटर फिल्मच्या आकड्याजवळ लावा. २०० ची फिल्म असेल तर २५०, ४०० ची असेल तर ५००. मीटर याच्या आसपास दाखवत असेल तर ते बरोबर आहे.

आणि एक छोटी वही ठेवा. फोटो क्रमांक, छिद्र, शटर, उजेड कसा होता, एवढंच प्रत्येक फोटोला लिहा. रोल धुऊन आला की वही शेजारी ठेवून बघा. फोन आपल्याला जे कधी सांगत नाही, ते ही वही सांगते.

पावसाळ्यात कॅमेरा चामड्याच्या डब्यात ठेवू नका. घट्ट झाकणाच्या डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा, पुड्या बदलत राहा. आठवड्यातून एकदा बाहेर काढून चारसहा वेळा शटर सोडा. वापरात असलेला कॅमेरा जास्त टिकतो.

जाता जाता एक नाव. होमाई व्यारावाला. १९१३ साली नवसारीला जन्मल्या, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकल्या, आणि भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार झाल्या. त्यांचे कॅमेरे जड होते आणि त्यांत उजेड मोजायची सोय नव्हती. उजेड डोळ्यानंच ओळखावा लागे. सुरुवातीचे त्यांचे फोटो छापले गेले ते माणेकशा व्यारावाला यांच्या नावानं. स्वतःच्या नावाला मान मिळायला काळ जावा लागला. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं, तेव्हा त्या नव्वदी ओलांडून पुढे गेल्या होत्या.

म्हणून आयांनो, शेवटचं एक सांगते. कॅमेरा पसंत पडला, पैसे मोजले, की बिल मुलीच्या नावानं करायला सांगा. दुकानदार विचारेल, "वडिलांचं नाव लिहू?" तिचंच लिहा. यंत्र तिचं आहे, त्यातून निघणारे फोटोही तिचेच असणार आहेत.

पुढच्या वेळी भेटू. नमस्कार.